वाल्डेमार हाफकिन : एका संशोधकाचे पाठीराखे

बंगळूर शहराच्या वायव्येस असलेल्या मल्लेश्वरम् या उपनगराला तेथील काडू मल्लेश्वराच्या देवळावरून नाव मिळाले. काडू म्हणजे रान. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६६९ मध्ये या देवस्थानाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख उपलब्ध असल्यामुळे मराठी वाचकाला या स्थळाविषयी सहजच जवळीक वाटते. तथापि आज जे मल्लेश्वरम् दिसते, ते सरळ व रुंद रस्ते, एकमेकांस काटकोनात छेदणारे ‘मेन’ आणि ‘क्रॉस’, घरांच्या पाठीमागून मैला वाहून नेण्यासाठी राखलेल्या अरुंद गल्ल्या, यांची आखणी देवस्थानाच्या इतिहासातून झालेली नाही. या वस्तीच्या वाढीशी १८९८ सालच्या प्लेगचा जवळचा संबंध आहे.

त्या वर्षाच्या ऑगस्टमध्ये प्लेग हुबळीकडून आगगाडीच्या मार्गाने बंगळुरात पोचला. जुन्या पेठेतील दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, धान्याची कोठारे आणि उंदीर यांच्या संगतीत तो झपाट्याने फैलावला. म्हैसूर संस्थानचे दिवाण तेव्हा शेषाद्री अय्यर होते. संस्थानच्या प्लेग-निवारणाचे काम व्ही. पी. माधवराव यांच्याकडे सोपविण्यात आले. हे माधवराव कुंभकोणम्‌कडील मराठीभाषक देशस्थ घराण्यातले; पुढे त्रावणकोर, म्हैसूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी सांभाळली. शहराबाहेरच्या प्लेगच्या छावणीत काम करणाऱ्या डॉक्टरांत डॉ. पल्पू होते. एळव जातीत जन्मल्यामुळे त्रावणकोर सरकारने नोकरी नाकारलेला हा डॉक्टर म्हैसूरच्या सेवेत येऊन परक्या शहरातील मरणाऱ्यांची शुश्रूषा करीत होता. पेठेतील माणसे मोकळ्या हवेत नेऊन वसवावीत, या विचाराने बसवनगुडी व मल्लेश्वरम् ही दोन उपनगरे वाढविली गेली. त्यांतील वस्त्या जातवार व धर्मवार वाटण्यात आल्या होत्या. प्लेगला जात ठाऊक नव्हती, परंतु नकाशा काढणाऱ्यांना ती विसरता आली नाही.

माणसांची घरे हलविणे हा प्लेगवरचा एक उपाय झाला. दुसरा उपाय माणसाच्या शरीरालाच समर्थ करण्याचा होता, आणि तो मुंबईहून काचेच्या लहान बाटल्यांतून येत होता. त्या बाटल्यांवर ज्याचे नाव चिकटले तो वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन हा डॉक्टर नव्हता, इंग्रज नव्हता आणि सरकारी वैद्यकीय सेवेतला तर मुळीच नव्हता. परळच्या संस्थेमुळे त्याचे नाव मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहे. त्याचे चरित्र मात्र फारसे कोणाला माहीत नसते. हाफकिनने लस शोधून काढली एवढे सांगून पाठ्यपुस्तके थांबतात. वस्तुतः लस तयार करणे हा त्याच्या कामाचा सोपा भाग होता. ती गावात, तुरुंगात, चाळीत खरोखर उपयोगी पडते की नाही हे मोजणे, त्या मोजणीसाठी माणसे मिळविणे आणि मोजणीवर विश्वास ठेवील अशी सरकारी यंत्रणा उभी करणे, हे अवघड होते. त्यातले पहिले दोन त्याला साधले. तिसरे साधले नाही, आणि त्याची किंमत त्याने एकट्याने मोजली नाही.

हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्रावरील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. बालपण बेर्द्यान्स्क या गावी गेले. ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्राचा विद्यार्थी होता आणि इल्या मेच्निकॉव्ह हे त्याचे गुरू. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा सिद्धांत मांडून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच मेच्निकॉव्ह. झारच्या राजवटीविरुद्ध उसळलेल्या विद्यार्थिचळवळीत हाफकिन ओढला गेला; १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत आपल्या वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तो होता व त्यापायी त्याला अटकही झाली. पदवी मिळाली, परंतु ज्यू धर्म सोडल्यावाचून विद्यापीठात अध्यापकपद मिळणे शक्य नव्हते. धर्म सोडण्यास त्याने नकार दिला. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काढून १८८८ मध्ये तो जिनीव्हाला गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत पोचला. तेथे त्याला मिळालेली जागा संशोधकाची नव्हती. तो ग्रंथालयात नोकरीस लागला, आणि फावल्या वेळात प्रयोगशाळेत बसू लागला.

त्या काळी पटकीवर लस शोधण्याचे प्रयत्न अनेकांनी केले होते. स्पेनमध्ये फेर्रान याने १८८५ मध्ये हजारो लोकांना टोचले होते, परंतु त्याच्या आकड्यांवर युरोपातील पंडितांनी विश्वास ठेवला नाही. हाफकिनने पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून पुनःपुन्हा नेऊन प्रखर केले, दुसरीकडे उष्ण हवेच्या झोताखाली वाढवून सौम्य केले, आणि १८ जुलै १८९२ रोजी आपल्याच शरीरात टोचून घेतले. ताप आला नि गेला. मग काही रशियन मित्रांनी टोचून घेतले. आता प्रश्न उरला तो भूमीचा. पटकीचे माहेरघर हिंदुस्थान, आणि तेथे जायचे तर इंग्रज सरकारची परवानगी हवी. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या शिफारशीने वाट मोकळी झाली. झारच्या पोलिसांनी पाळत ठेवलेला हा तरुण रशियन प्रजाजन १८९३ च्या मार्चमध्ये कलकत्त्यास उतरला. रशियाचा हेर म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहणारे अधिकारी येथे कमी नव्हते.

आग्र्यापासून सुरुवात करून दोन-अडीच वर्षांत त्याने उत्तर हिंदुस्थान, बंगाल आणि आसामच्या चहामळ्यांतून सुमारे ४२,००० लोकांना टोचले. परंतु आकड्याहून त्याच्या पद्धतीचे महत्त्व अधिक आहे. कलकत्त्याचे आरोग्याधिकारी डब्ल्यू. जे. सिम्प्सन यांनी त्याला शहरात बोलावले. १८९४ च्या मार्चमध्ये कट्टल बागान या गरीब वस्तीत पटकीची लागण झाली. तेथील सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांना टोचण्यात आले. त्यानंतर वस्तीत पटकीचे १० रुग्ण झाले, ७ दगावले, आणि हे सर्व न टोचलेल्यांतले होते. एकाच तळ्याचे पाणी, एकच गल्ली, कित्येकदा एकच चूल. फरक एवढाच की काहींनी टोचून घेतले होते व काहींनी नव्हते. हाफकिनला येथे जी गोष्ट उमगली तिच्यावर त्याचे पुढचे सारे काम उभे राहिले. लशीची परीक्षा प्रयोगशाळेत पुरी होत नाही. ती एका छपराखालच्या माणसांची शिरगणती करूनच होते, आणि ती शिरगणती परक्या शास्त्रज्ञाच्या हातून कधीच होणार नाही. त्यासाठी त्या गावाचा डॉक्टर, तेथला कारकून आणि तेथला मुखिया लागतो. सिम्प्सनसारखा नगरपालिकेचा अधिकारी पाठीशी नसता तर कट्टल बागानचे नाव कोणाला कळले नसते.

मलेरियाने खंगून तो मध्यंतरी युरोपला गेला व १८९६ मध्ये परत आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ७ ऑक्टोबरला सरकारच्या सांगण्यावरून हाफकिन मुंबईस पोचला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्याला एक खोली, तिच्याबाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई देण्यात आले. जगातील पहिली प्लेगची लस या सामग्रीवर तयार झाली. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवायचे तर मांस कोणाचे, हा प्रश्न या देशात साधा नव्हता. गाय व डुक्कर दोन्ही वर्ज्य करून त्याने बोकडाचे मांस घेतले. रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, आणि जंतू त्या थेंबांना धरून, गुहेच्या छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीप्रमाणे खाली वाढू लागले. मग ते उष्णतेने मारायचे, थोडे कार्बोलिक घालायचे आणि बाटल्या भरायच्या. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने स्वतःला टोचून घेतले, आणि तेही पुढे इतरांना दिल्या गेलेल्या मात्रेच्या कितीतरी पटीने.

त्या दिवसांतील मुंबई-पुण्याचे वातावरण येथे ध्यानात घ्यावयास हवे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीचा कायदा झाला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना ओढून इस्पितळात नेण्यात येऊ लागले. १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा पुण्यात अंत झाला. २२ जूनला त्याच पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सरकारी डॉक्टर माणसांना उलटे टांगून त्यांची मोमियाई काढतात अशा अफवा मुंबईत होत्या. अशा वेळी एक परदेशी माणूस सुई घेऊन येतो आणि दंडात रोगाचेच जंतू घालतो म्हणतो, याला कोण तयार होणार? सक्ती करावी असे म्हणणारे अधिकारी होते. हाफकिनने सक्तीला आरंभापासून विरोध केला. जो आपणहून पुढे येईल त्यालाच टोचावे, हा त्याचा नियम होता. त्यात करुणा होती, तसाच हिशेबही होता, कारण सक्तीने टोचलेल्या माणसाची नोंद नंतर खरी मिळत नाही.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारण्यात आले आणि जवळजवळ निम्म्यांनी टोचून घेतले. पुढील दिवसांत टोचलेल्यांत २ जण आजारी पडले, मेला कोणी नाही. न टोचलेल्यांत १२ आजारी पडले व ६ दगावले. आकडे लहान होते. परंतु तुरुंगात अन्न सारखे, भिंती सारख्या आणि दिनक्रमही सारखा, त्यामुळे शंकेला जागा कमी राहिली. मग पोर्तुगीज अमलाखालील दमण. तेथील ८,२३० रहिवाशांपैकी २,१९७ जणांनी टोचून घेतले. त्यांतले ३६ मेले. उरलेल्या ६,०३३ जणांतले १,४८२ मेले. हे दुसरे आकडे वाचताना क्षणभर थांबावे लागते. चौघांतला एक माणूस गेला असा त्याचा अर्थ आहे.

बडोदे संस्थानातील उंढेरा या खेड्यात १८९८ च्या फेब्रुवारीत झालेला प्रयोग याहून काटेकोर होता. गावात प्लेग सुरू झालेला होता. हाफकिन व मेजर बॅनरमन यांनी घरोघरची माणसे ओळीत बसविली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना टोचले, निम्म्यांना टोचले नाही. टोचलेल्या ७१ जणांत ८ रुग्ण व ३ मृत्यू. न टोचलेल्या ६४ जणांत २७ रुग्ण व २६ मृत्यू. आजच्या नीतिनियमांनी असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. उंढेऱ्याच्या घरांतील ज्या अर्ध्या माणसांच्या वाट्याला सुई आली नाही, त्यांची नावे कोणत्याही शास्त्रीय ग्रंथात नाहीत. पण लशीविषयी जगाला जी खात्री वाटली ती पुष्कळ अंशी त्यांच्या मरणातून आली आहे. हाफकिनच्या चरित्रकारांनी हा मुद्दा बहुधा ओझरता सांगितला आहे.

हुबळीचे काम वेगळ्या प्रकारचे होते, आणि बंगळूरच्या कथेशी त्याचे नाते जवळचे आहे. १८९८ च्या पावसाळ्यात त्या गावी डॉ. ल्यूमन यांनी काही महिन्यांत ३०,००० हून अधिक लोकांना टोचले. येथे एक नवीच अडचण उभी राहिली. टोचून घेणारे दर आठवड्याला वाढत होते, न टोचलेले दर आठवड्याला घटत होते, आणि भीतीने गाव सोडून जाणारे वेगळेच. मग मृत्यूचे प्रमाण कोणत्या संख्येवर काढायचे? ल्यूमन यांनी आठवड्या-आठवड्याने दोन्ही बाजूंची माणसे मोजून हिशेब मांडला. याशिवाय टोचून घेतल्याचा दाखला दाखविला की छावणीतील विलगीकरणातून आणि प्रवासाच्या बंधनांतून सूट मिळे. व्यापाऱ्याला आणि गिरणीकामगाराला लशीचे शास्त्र कळत नसेल, दाखल्याचा उपयोग मात्र तत्काळ कळत होता. एखादे औषध चांगले आहे एवढ्याने ते लोकांपर्यंत पोचत नाही. सरकारी नियम आणि लोकांची सोय यांची सांगड घालावी लागते, हे हुबळीने दाखवून दिले. तेथूनच निघालेला प्लेग बंगळुरात शिरला, आणि त्याच्यामागोमाग तेथे ही लसही आली.

या सर्व कामासाठी लागणारे बळ हाफकिनने कोठून मिळविले, हे पाहण्याजोगे आहे. पहिला मोठा पाठीराखा विशीही न गाठलेला एक तरुण होता. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी स्वतः सर्वांदेखत टोचून घेतले, एकदा नव्हे अनेकदा; आपल्या अनुयायांना त्यांनी तसेच करावयास सांगितले, आणि मुंबईतील दहा हजारांच्या पुढे खोजांनी त्यांचे ऐकले. प्रयोगशाळेस जागा अपुरी पडू लागली तेव्हा माझगावचा आपला ‘खुश्रू लॉज’ हा वाडा त्यांनी वापरावयास दिला. बडोदे संस्थानाने गाव दिले, दमणच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी बंदर दिले, जिल्ह्याजिल्ह्यांतील डॉक्टरांनी आपल्या वह्या दिल्या. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. एका खोलीपासून राजवाड्यापर्यंत येण्यास तीन वर्षेही लागली नव्हती. १८९७ मध्ये सी.आय.ई. हा किताब त्याला मिळालेला होता, आणि आता तो ब्रिटिश प्रजाजनही झाला होता.

याच सुमारास प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेला प्लेग आयोग देशभर फिरत होता. त्याचे एक सदस्य आल्मरॉथ राइट हे होते. विषमज्वरावरील लशीचे त्यांचे प्रयोग हाफकिनच्या पटकीवरील कामातून स्फूर्ती घेऊनच सुरू झाले होते. आयोगाने लस उपयुक्त असल्याचे मान्य केले, परंतु तिची मात्रा नीट प्रमाणित होत नाही व आकडेवारीत कच्चे दुवे आहेत असे बजावले. हाफकिनला हे फार लागले. तथापि आक्षेप सर्वस्वी अन्यायाचे होते असे म्हणता येत नाही. टोचून घेणारी माणसे बहुधा जरा सुस्थितीतली, जरा स्वच्छ घरांत राहणारी असत. त्यांचे वाचणे सगळेच लशीच्या पदरी घालता येत नाही. खरा प्रश्न असा की या उणिवा दूर करण्यासाठी वर्षानुवर्षे काम करील अशी कायमची समिती, सांख्यिकीचे जाणकार, देखरेखीची व्यवस्था, यांपैकी सरकारने हाफकिनच्या भोवती काय उभे केले? काहीच नाही. परळच्या सगळ्या दोऱ्या एका माणसाच्या हातात होत्या. त्याचा स्वभावही याला कारण होता. तो अबोल, एकटा, अविवाहित. दुसऱ्याच्या हाती काम सोपविणे त्याला जमत नसे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील डॉक्टर त्याच्या हाताखाली होते, आणि एक प्राणिशास्त्रज्ञ, तोही रशियातून आलेला ज्यू, आपल्यावर अधिकार गाजवतो हे त्यांतील कित्येकांच्या पचनी पडत नव्हते.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेग शिगेला पोचला आणि त्या सरकारने लक्षावधी लोकांना टोचण्याची मोहीम आखली. जुन्या रीतीने एवढी लस वेळेत तयार होणे अशक्य होते. हाफकिनने मांसरसाऐवजी आगरवर जंतू वाढविण्याची जलद रीत घेतली व कार्बोलिक घालणे बंद केले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना टोचण्यात आले. ५३-एन या क्रमांकाच्या एकाच बाटलीतून ज्यांना टोचले गेले ते १९ जण पुढील दिवसांत धनुर्वाताने मेले. त्याच दिवशी दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. बाटली उघडण्यापूर्वीच दूषित झाली होती, म्हणजे दोष परळचा, असा त्याचा निष्कर्ष निघाला. कार्बोलिक वगळणे हीही गंभीर चूक ठरली. हाफकिनला संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. त्याच्या बाजूने जो पुरावा होता त्याचे नीट वजन झाले नाही. बाटली उघडताना मुल्कोवालच्या साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच बाटलीच्या बुचाला लावण्यात आला होता. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. धनुर्वाताचे जंतू आरंभापासून तीत वाढत असते तर तिला दुर्गंधी आली असती आणि साठलेल्या विषाने माणसे लगेच आजारी पडली असती. प्रत्यक्षात वासही आला नव्हता, आणि लक्षणे दिसू लागण्यास कित्येक दिवस गेले होते.

ही बाजू मांडण्यास हिंदुस्थानात कोणी पुढे आले नाही. ज्या डॉक्टरांच्या वह्यांवर लशीची कीर्ती उभी होती ते सरकारी नोकर होते आणि सरकारने निर्णय दिला होता. आगाखान, बडोद्याचे महाराज किंवा मुंबईचे व्यापारी घर देऊ शकत, माणसे देऊ शकत. जंतुशास्त्रातील वादात त्यांच्या शब्दाला वजन नव्हते. ज्यांच्या शब्दाला वजन होते ते जगभर विखुरलेले होते, आणि त्यांना एकत्र आणणारी संस्था अस्तित्वात नव्हती. चौकशीचे सर्व कागद १९०६ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे शास्त्रज्ञांना ते वाचावयास मिळाले. कलकत्त्याचे जुने मित्र सिम्प्सन तोवर लंडनला प्राध्यापक झाले होते. मलेरियाचा डासाशी असलेला संबंध सिकंदराबादेस शोधून काढणारे रोनाल्ड रॉस लिव्हरपूलला होते. रॉस यांनी हे प्रकरण हाती घेतले आणि २९ जुलै १९०७ च्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यांत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेचे सायमन फ्लेक्सनरही होते. परळवरील आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्याच्या विरुद्ध जातो, असे या दहा जणांचे म्हणणे होते. पार्लमेंटात प्रश्न निघाले. १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिनला निर्दोष मानून पुन्हा नोकरी देऊ केली.

फ्रान्समधील ड्रायफसचा खटला याच वर्षांत चालू होता व याच वर्षांत मिटला, म्हणून पुष्कळ लेखकांनी दोन्ही प्रकरणांची तुलना केली आहे. ती एका मर्यादेपर्यंत खरी आहे. परंतु तीमुळे लक्ष एका माणसावर झालेल्या अन्यायावर खिळून राहते आणि पंजाब नजरेआड होतो. मुल्कोवालनंतर टोचण्याची ती प्रचंड मोहीम कोसळली. लोकांचा विश्वास उडाला आणि सरकारची उमेद संपली. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगने तेरा लाखांच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वांत मोठा होता. लस पुरी खात्रीची नव्हती हे खरे, तरी त्यांतली किती माणसे वाचली असती हा विचार मनातून जात नाही. दहा शास्त्रज्ञांचे पत्र पाच वर्षे आधी निघाले असते तर, असे म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. ते आधी निघावे अशी व्यवस्थाच नव्हती.

व्यवस्था आली, ती हाफकिनला वगळून. १९०५ मध्ये इंडिया ऑफिस, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांनी मिळून नेमलेल्या सल्लागार मंडळाच्या देखरेखीखाली प्लेग-संशोधनाचे नवे काम परळलाच सुरू झाले. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात हे त्या कामातून निर्विवाद सिद्ध झाले. त्यात मुंबईचे ग्लेन लिस्टन यांचा भाग मोठा होता. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन स्थापन झाली, आणि १९४९ मध्ये तिलाच भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद हे रूप मिळाले. दरम्यान १९४३ ते १९४६ या काळात मूळचे नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या समितीने साऱ्या देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी केली. एकाच्या कामाला दुसऱ्यांनी तपासावे, निधी एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर नसावा, गावातली नोंद आणि राजधानीतले धोरण यांत सांधा असावा, या ज्या गोष्टी आज गृहीत धरल्या जातात त्या या क्रमाने, सावकाश आल्या.

हाफकिन हिंदुस्थानात परतला, परंतु परळला नाही. तेथे आता बॅनरमन संचालक होते. त्याला कलकत्त्यास एक लहान प्रयोगशाळा मिळाली. माणसांवर प्रयोग करण्यास मनाई होती. ज्याची सारी बुद्धी माणसे मोजण्यात होती त्याला केवळ नळ्या-बशा देऊन बसविण्यात आले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो निवृत्त झाला व फ्रान्सला गेला. उत्तरायुष्यात त्याचे मन आपल्या धर्माकडे वळले. १९१६ मध्ये त्याने सनातन ज्यू आचाराच्या समर्थनार्थ निबंध लिहिला, आणि साठविलेली संपत्ती पूर्व युरोपातील ज्यू पाठशाळांना देण्यासाठी एक निधी स्थापन केला. धर्म सोडला असता तर ओडेसातच जो प्राध्यापक झाला असता, त्याचा शेवटचा विचार त्या पाठशाळांचा होता, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

१९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिनचे नाव देण्यात आले. सूचना तेव्हाचे संचालक मॅकी यांची होती. हाफकिनने त्यांना आभाराचे पत्र पाठविले आणि मुंबईच्या त्या कामात आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे गेली असे कळविले. मुल्कोवालविषयी त्याने पत्रात काय मनात ठेवले असेल ते असो. पुढे तो स्वित्झर्लंडमधील लोझान येथे राहावयास गेला, आणि २६ ऑक्टोबर १९३० रोजी तेथेच त्याचे निधन झाले.